पाड्यावरची राखण आणि बिनतारी घंटा

मुठीत मावेल एवढी प्लास्टिकची एक डबी वाटेकडच्या खांबाला किंवा झाडाच्या बुंध्याला बांधायची. तिच्यासमोरून कोणी गेले की घरात उशाशी ठेवलेला दुसरा डबा वाजतो. मध्ये तार नसते, इंटरनेट लागत नाही, मोबाइलला रेंज नसली तरी अडत नाही. अमेरिकेत सार्वजनिक रस्त्यापासून आत, लांब खासगी वाटेच्या टोकाला राहणाऱ्या शेतकऱ्यांमध्ये ही घंटा रुळली. तिथे अशा घंटा बनवणारी ‘डकोटा अलर्ट’ ही नावाजलेली कंपनी साउथ डकोटासारख्या शेतीच्या राज्यातली आहे, हा योगायोग नव्हे. भारतात साधा संच आता दीड-दोन हजार रुपयांच्या आसपास घरपोच मिळतो, आणि शेतघर, होमस्टे, गोठा, गोदाम असे एकेक ठिकाण तिच्या गिऱ्हाइकीत येऊ लागले आहे.

ही घंटा पालघर जिल्ह्यात, जव्हार तालुक्यातल्या जामसरसारख्या गावात कितपत उपयोगी पडेल, हा प्रश्न साधा वाटतो. पण तो यंत्राच्या माहितीपत्रकावरून सुटत नाही. त्यासाठी इथली घरे, इथला पाऊस, रात्री वाटेने फिरणारी जनावरे आणि या जिल्ह्यात अफवांनी घेतलेले बळी हे सगळे एकत्र पाहावे लागते.

२०११ च्या जनगणनेत जव्हार तालुक्याची लोकसंख्या १,४०,१८७ आणि शेजारच्या मोखाड्याची ८३,४५३ होती. दोन्ही तालुक्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक लोक आदिवासी: वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी. गाव एका जागी गोळा झालेले नसते. ते पाड्यापाड्यांत विखुरलेले असते. दोन पाड्यांमध्ये कधी ओढा, कधी माळ, कधी जंगलाचा पट्टा येतो. जुन्या घरांच्या भिंती कुडाच्या, म्हणजे कारवीच्या काठ्यांवर शेणमातीचा लेप दिलेल्या. घरकुल योजनेतून विटांची घरे उभी राहत आहेत, पण घराभोवती उंच भिंत आणि लोखंडी फाटक हा प्रकार पाड्यावर विरळाच. अंगण थेट पायवाटेला मिळते. त्या वाटेवरून पाण्याला जाणाऱ्या बाया, शाळेची मुले, शेजाऱ्यांच्या शेळ्या आणि कोंबड्या दिवसभर ये-जा करतात.

मग राखायचे काय? सोने-नाणे आणि तिजोरी हा इथला मुख्य प्रश्न नाही. हप्त्यावर घेतलेली मोटारसायकल, शेळ्या, पाण्याचा पंप आणि त्याची केबल, सौरदिव्याची बॅटरी, कणगीतले भात आणि नागली, ही घराची पुंजी. त्यातही दिवाळीनंतरचे महिने नाजूक असतात. भातकापणी आटोपली की कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि भिवंडी, वसई, ठाण्याकडच्या बांधकामांवर कामाला जातात. घराला कुलूप लागते किंवा मागे म्हातारी माणसे आणि एखादे नातवंड उरते. ज्या घरात हाक मारली तर धावून येणारे तरणे माणूस नाही, त्या घराला थोडी आधी मिळालेली सूचनाही मोलाची असते. दुसरीकडे जव्हारचा राजवाडा, दाभोसा धबधबा आणि पावसाळी डोंगर पाहायला येणाऱ्यांसाठी होमस्टे आणि शेतघरे उभी राहत आहेत. आठवड्याचे पाच दिवस बंद असणाऱ्या अशा घराची गरज वेगळी, आणि पाड्यावर एकट्या राहणाऱ्या आजीची वेगळी.

चाहूल आधी लागावी ही गरज फार जुनी आहे. मराठी मुलखातल्या गावगाड्यात रात्रीच्या पहाऱ्याला जागल्या असे, वेशीवर वेसकर असे, आणि देशावर अनेक गावांची राखण रामोश्यांकडे असे. गोवळकोंड्याच्या किल्ल्यात फतेह दरवाजाशी वाजवलेली टाळी वरच्या बाला हिसारपर्यंत ऐकू जाते, हे तिथे गेलेल्या अनेक प्रवाशांनी अनुभवलेले आहे. डोंगराळ भागातल्या शेतात राखणीसाठी माळा बांधतात; त्यावर बसून गोफण फिरवायची, शेकोटी जिवंत ठेवायची आणि कुंपणाच्या दोरीला खडे भरलेले डबे टांगायचे. रानडुक्कर दोरीला अडखळले की डबे खडखडतात. अंगणातला कुत्रा तर या सगळ्यांपेक्षा वरचढ, कारण त्याला घरचा माणूस, शेजारी आणि परका यांतला फरक कळतो. विजेवर चालणाऱ्या चोरघंटेचे पेटंट अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ऑगस्टस रसेल पोप यांना २१ जून १८५३ रोजी मिळाले. दार किंवा खिडकी उघडली की विद्युतमंडल पूर्ण व्हायचे आणि घंटा वाजायची. एडविन होम्स यांनी पुढे ते हक्क विकत घेऊन त्यावर धंदा उभारला. आजची बिनतारी घंटा त्याच वंशातली. फरक एवढाच की ती दारापर्यंत कोणी येण्याची वाट पाहत नाही.

ही घंटा चार-पाच निरनिराळ्या तत्त्वांवर चालते, आणि विकत घेताना सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो.

सर्वांत स्वस्त आणि सर्वत्र मिळणारा प्रकार उष्णता ओळखणारा. डबीच्या तोंडाशी दुधी रंगाचे, बारीक खाचांचे भिंग असते. त्यामागे नखाएवढ्या धातूच्या टोपीत उष्णतेला प्रतिसाद देणाऱ्या स्फटिकाचे दोन तुकडे शेजारी-शेजारी, पण विरुद्ध दिशेने जोडलेले असतात. माणसाच्या अंगातून साधारण नऊ-दहा मायक्रॉन तरंगलांबीची अवरक्त किरणे बाहेर पडतात. सगळे स्थिर असेल तर दोन्ही तुकड्यांवर सारखीच उष्णता पडते आणि त्यांचे संदेश एकमेकांना खोडतात. कोणी समोरून आडवे गेले की उष्णता आधी एका तुकड्यावर आणि मग दुसऱ्यावर पडते. विजेचा एक हेलकावा तयार होतो आणि डबी संदेश पाठवते. एवढे कळले की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. वाटेने सरळ डबीकडे चालत येणारा माणूस तिला उशिरा जाणवतो, आडवा जाणारा लगेच. म्हणून डबी वाटेच्या टोकाला, वाटेकडे तोंड करून लावण्यापेक्षा वाटेच्या बाजूला लावावी. माणसाची कातडी आणि भोवतालची हवा यांच्या तापमानात फरक असेल तरच तिला काही दिसते. एप्रिल-मेच्या दुपारी हवा पस्तीस अंशांच्या वर गेली की ती मंद होते आणि थंड रात्री तल्लख असते. साप तिला जवळजवळ दिसतच नाही, कारण त्याचे अंग भोवतालच्या जमिनीइतकेच थंड किंवा उबदार असते. या भागात पावसाळ्यातला मोठा धोका सापाचाच, तेव्हा घंटा लावली म्हणून अनवाणी, बॅटरीशिवाय अंगणात उतरण्याची मुभा मिळत नाही.

दुसरा प्रकार चुंबकीय. जमिनीत पुरलेली नळी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात लोखंडामुळे होणारा बदल टिपते. मोटार किंवा टेम्पो जवळून गेला की ती बोलते. माणूस, शेळी, पाऊस, हलणारे गवत यांच्याकडे तिचे लक्षही जात नाही. ज्या होमस्टेला फक्त गाडी आत आल्याचे कळायला हवे, त्याला हीच बरी. पायी येणाऱ्याची चाहूल मात्र तिच्याकडून लागायची नाही.

तिसरा प्रकार रबरी नळीचा. अमेरिकेतल्या पेट्रोलपंपांवर एकेकाळी जमिनीवर आडवी नळी टाकलेली असे. चाक वर चढले की आतली हवा दाबली जाऊन घंटा वाजे. साधा, टिकाऊ, पण पायी माणूस सहज ओलांडून जाईल असा. चौथ्यात दोन खांबांमधून अदृश्य किरण सोडलेला असतो आणि तो कोणी तोडला की सूचना मिळते. हा नेमका असतो, पण खांब जरा हलले तरी बिघडतो, आणि जव्हारच्या पावसाळी धुक्यात किंवा कोळ्याने भिंगावर जाळे विणले की उगाच वाजतो. रडारवर चालणाऱ्या डब्याही आता मिळतात. जोरदार सर आणि वाऱ्याने झोडपणाऱ्या फांद्या त्यांना फसवतात.

यंत्राने चाहूल घेतली तरी ती घरापर्यंत पोहोचायला हवी. बहुतेक स्वस्त संच ४३३ मेगाहर्ट्‌झच्या आसपासच्या लहरी वापरतात. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त आहे आणि लांब पल्ल्याची नवी उपकरणे त्यात चालतात. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून संच मागवताना इथे सावध राहावे. तिकडे खुला असलेला ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्‌झचा पट्टा इथे तसा खुला नाही. त्यातला काही भाग आपल्याकडे मोबाइल सेवेला दिलेला आहे. खोक्यावर लिहिलेला पल्लाही तपासून घ्यावा. चारशे मीटर, आठशे मीटर हे आकडे मोकळ्या, सपाट मैदानावरचे असतात. मध्ये टेकडीचा उंचवटा आला, साग-ऐनाची ओली झाडी आली, पत्र्याचे छप्पर आले की तो पल्ला निम्म्याहून खाली येतो. म्हणून घरातला वाजणारा डबा शक्य तितका उंच, वाटेकडच्या भिंतीला टांगावा, आणि खरी चाचणी श्रावणात, झाडे पानांनी भरलेली असताना घ्यावी. जानेवारीत नीट वाजलेली घंटा जुलैत मुकी झाली तर दोष यंत्राचा नसतो.

सेलचे गणित असेच आहे. डबी बहुतांश वेळ झोपलेली असते आणि त्या अवस्थेत नाममात्र वीज खाते. प्रत्येक संदेशाला मात्र तिचा दम खर्च होतो. एकाकी वाटेवर सेल कित्येक महिने टिकतात. विहिरीच्या वाटेवर दिवसाला शंभरदा वाजणारी डबी काही आठवड्यांत थकते. सौरपट्टी असलेले संच आठ महिने निवांत चालतात, पण जून ते सप्टेंबर सलग ढगांखाली त्यांच्यावर भिस्त ठेवता येत नाही. मुंग्या, पाली आणि ओल यांचा उपद्रव वेगळाच. भिंगावरून पाल सरकली तरी घंटा वाजू शकते. झाकणाची रबरी कडा नीट बसलेली असणे, तार किंवा स्क्रूचे भोक खालच्या बाजूला ठेवणे आणि पावसाळ्याच्या तोंडाशी सेल बदलणे, या तीन गोष्टींनी निम्म्या तक्रारी मिटतात.

घंटेने मिळणारा वेळ किती, तेही मोजून पाहण्यासारखे आहे. डबी घरापासून साठ मीटरवर असेल आणि माणूस नेहमीच्या चालीने येत असेल तर हाती जेमतेम पन्नास सेकंद पडतात. ताशी तीस किलोमीटर वेगाने मोटारसायकल आली तर सात सेकंद. पन्नास सेकंदांत अंगणातला दिवा लावता येतो, दाराची कडी तपासता येते, शेजारच्या घरी हाक देता येते. सात सेकंदांत फक्त जाग येते.

चोर घंटेला भितात का? अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या शार्लट शाखेतील जोसेफ कुन्स आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये तीन राज्यांच्या तुरुंगांतील ४२२ घरफोड्यांना हेच विचारले. सुमारे ६० टक्क्यांनी सांगितले की घंटा असल्याचे कळले तर आपण दुसरे घर शोधू. उरलेले ४० टक्केही विसरून चालणार नाही. शिवाय हे उत्तर अशा समाजातले आहे जिथे घंटा वाजली की खासगी सुरक्षा कंपनी आणि पोलीस येतात, असा चोराचा अनुभव असतो. भीती आवाजाची नसते, आवाजानंतर येणाऱ्या माणसांची असते.

आणि तिथेही माणसे येऊन-येऊन थकली. अमेरिकी न्याय खात्यासाठी राना सॅम्पसन यांनी २००१ मध्ये केलेल्या आढाव्यात पोलिसांकडे येणाऱ्या चोरघंटांच्या सूचनांपैकी ९४ ते ९८ टक्के सूचना खोट्या असल्याचे नोंदवले आहे. वारा, पाळीव जनावर, चुकून उघडलेले दार, कमजोर सेल ही त्यांची कारणे. सॉल्ट लेक सिटीने डिसेंबर २००० पासून नियमच बदलला: घंटा वाजली एवढ्यावर पोलीस निघणार नाहीत, आधी कोणीतरी प्रत्यक्ष पाहून खात्री करायची, मग बोलावणे. त्यानंतर तिथे अशा सूचनांवरची पोलिसांची धाव सुमारे नव्वद टक्क्यांनी घटली. हा शहरी अनुभव पाड्यालाही लागू पडतो. रात्रीत पाचदा उगाच वाजणारी घंटा तिसऱ्या दिवशी बंद करून ठेवली जाते, आणि खरोखर गरज असेल त्या रात्री ती फळीवर पडून असते.

पाड्यावर खोट्या सूचनांचा मोठा वाटा जनावरांचा असणार. ती सूचना खरे तर खोटी नसते. वाटेने कोणीतरी गेलेले असतेच. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी उसाच्या, बागायतीच्या आणि दाट वस्तीच्या भागात कॅमेरे लावून अभ्यास केला. हे कॅमेरेही उष्णता ओळखणाऱ्या त्याच डबीने चालतात. घंटेच्या जागी फक्त छायाचित्र निघते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने दाखवले की जंगल नसलेल्या त्या मुलखात दर शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि जवळजवळ तेवढेच तरस राहत होते. घरांच्या आसपासून ते रात्री-अपरात्री जात, आणि बहुतेक वेळा कोणाला पत्ताही लागत नसे. अशा वाटेवर घंटा लावली तर आजवर जे बिनबोभाट चालले होते ते दर रात्री ऐकू येऊ लागेल. शेळ्यांच्या गोठ्याचे दार नीट बंद करण्यासाठी ही माहिती उपयोगी आहे. पण दर आवाजाला काठ्या घेऊन बाहेर पडण्यासाठी ती वापरली तर जनावर बिथरते आणि माणूस जखमी होतो.

म्हणून गावपातळीवरच्या नव्या यंत्रणा नुसती हालचाल टिपून थांबत नाहीत. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पालगतच्या सीतारामपेठ गावात २०२३ मध्ये कॅमेऱ्यांची ‘आभासी भिंत’ उभारली गेली. समोर आलेला प्राणी वाघ आहे की गाय, हे कृत्रिम बुद्धिमत्ता आधी ओळखते आणि मगच सूचना जाते. जुन्नर भागात बिबट्या ओळखून भोंगा वाजवणारी यंत्रे बसवण्यात आली आहेत. ही साधने महाग आहेत आणि त्यांना वीज, जाळे व देखभाल लागते. त्याहून साधे आणि शिकण्याजोगे उदाहरण तामिळनाडूतल्या वालपराईचे आहे. चहाच्या मळ्यांतून हत्तींची ये-जा असलेल्या या पठारावर ‘नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन’च्या आनंद कुमार यांनी माणसांचे जाळे विणले. हत्ती कुठे आहेत हे फिरते कर्मचारी पाहतात. स्थानिक केबल टीव्हीवर पट्टी झळकते, मोबाइलवर निरोप जातो आणि मोक्याच्या जागी उंच खांबांवरचे लाल दिवे लागतात. हे दिवे गावातलीच माणसे फोन करून लावतात. हत्तींमुळे होणारे माणसांचे मृत्यू त्यानंतर घटले आणि आनंद कुमार यांना २०१५ चा व्हिटली पुरस्कार मिळाला. तिथे यंत्र शेवटच्या टप्प्यावर येते. आधी माणसाने पाहिलेले असते.

पालघर जिल्ह्यात हा ‘आधी पाहण्याचा’ टप्पा का महत्त्वाचा, हे १६ एप्रिल २०२० च्या रात्रीने दाखवून दिले. टाळेबंदीच्या त्या दिवसांत मुले पळवणारे, मूत्रपिंडे काढून नेणारे चोर फिरत असल्याच्या अफवा मोबाइलवरून गावोगाव पसरल्या होत्या. लोक रात्री-रात्री जागून गस्त घालत होते. जव्हारला लागून असलेल्या डहाणू तालुक्यात, दादरा-नगर हवेलीच्या हद्दीजवळच्या गडचिंचले गावात मुंबईहून सुरतेकडे निघालेल्या दोन साधूंना आणि त्यांच्या गाडीच्या चालकाला जमावाने पोलिसांसमोर ठार मारले. त्याच आठवड्यात त्या परिसरात मदतीला गेलेल्या एका डॉक्टरवरही हल्ला झाला होता. शंभराहून अधिक जणांना अटक झाली आणि कितीतरी गरीब आदिवासी घरांतली कमावती माणसे तुरुंगात गेली. त्याआधी १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, बाजाराच्या दिवशी, मंगळवेढ्याकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना अशाच अफवेतून ठार करण्यात आले. त्याच महिन्याच्या १७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी राज्यांना सविस्तर निर्देश दिले.

दोन्ही ठिकाणी लोक सावध होते. उणीव जागरणाची नव्हती. समोरचा माणूस कोण, हे शांतपणे विचारणाऱ्या माणसाची होती. बिनतारी घंटा ‘कोणीतरी आले’ एवढेच सांगते. आलेला माणूस वाट चुकलेला पर्यटक असू शकतो, उशिरा परतणारा मजूर असू शकतो, बाळंतिणीच्या घरी निघालेली आशाताई असू शकते. आधीच धास्तावलेल्या पाड्यावर दहा घरांत एकाच वेळी भोंगे वाजले तर त्या आवाजातून गर्दी जमेल, आणि गर्दी प्रश्न विचारत नाही. म्हणून या भागात घराच्या आत, हलक्या आवाजात वाजणारा डबा हाच योग्य. बाहेर किंचाळणारा भोंगा नको. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसारही रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात सार्वजनिक आणीबाणी वगळता उघड्यावर ध्वनिवर्धक आणि मोठ्या आवाजाची साधने वापरण्यास मनाई आहे.

खात्री करण्याची जबाबदारी कोणाची, याची व्यवस्था कागदावर तरी तयार आहे. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम १९६७ नुसार गावोगावी पोलीस पाटील नेमलेला असतो. आणीबाणीत ११२ हा एकच क्रमांक राज्यभर चालतो. नाशिक, अहिल्यानगर, पुणे या भागांत वापरल्या जाणाऱ्या ग्राम सुरक्षा यंत्रणेत एका गावकऱ्याने टोल-फ्री क्रमांकावर फोन केला की त्याचाच आवाज परिसरातल्या नोंदणीकृत सर्व मोबाइलवर जातो. आग, अपघात, चोरी, बिबट्या अशा अनेक प्रसंगी तिचा वापर झाला आहे. बोलणारा ओळखीचा असल्याने ऐकणाऱ्याला बातमी आणि अफवा यांतला फरक करता येतो. जिथे मोबाइलची रेंजच येत नाही अशा पाड्यांवर ही साखळी तुटते, आणि नेमक्या त्याच पाड्यांवर रेंजशिवाय चालणारी घंटा उपयोगी ठरते.

हे सगळे जमेस धरून पाड्यावर घंटा लावायची झाली तर तिची मांडणी शहरातल्या घरापेक्षा वेगळी हवी. कुलूप लावून कामाला गेलेल्या कुटुंबाच्या घरात वाजणारा डबा ठेवण्यात अर्थ नाही. तो शेजारच्या, माणसांची वर्दळ असलेल्या घरात ठेवायला हवा. बंद घराच्या ओटीवर, छपराखाली लावलेल्या डबीसमोरून दिवसाही कोणी जाण्याचे कारण नसते, त्यामुळे तिथे वाजली तर दखल घ्यावी. सार्वजनिक पायवाटेवर डबी लावू नये. तिथे ती शेजाऱ्यांच्या ये-जा करण्यावर पाळत ठेवते आणि चार दिवसांत कंटाळा आणते. उंची छातीएवढी आणि तोंड किंचित वर ठेवले तर कोंबड्या, मांजरे आणि बरेचसे कुत्रे तिच्या टप्प्याखालून जातात. गोठ्याच्या दाराशी मात्र ती मुद्दाम खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर लावावी, कारण तिथे चाहूल जनावराचीच हवी असते. स्वस्त संचांचा संकेत ठरलेला असतो. दोन घरांनी एकाच बनावटीचे संच घेतले तर एकाच्या वाटेवरून मांजर गेले की दुसऱ्याच्या घरात घंटा वाजते, तेव्हा घेतानाच संकेत बदलण्याची सोय आहे का ते विचारावे.

पैशाचा हिशेबही समोर मांडायला हवा. २०२५-२६ मध्ये रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे साधा संच पाच-सहा दिवसांच्या मजुरीएवढा पडतो, वर सेलचा खर्च. एका घराला तो जड आहे, चार घरांनी मिळून घेतला तर झेपण्याजोगा. मोफत किंवा स्वस्त उपाय आधी करून पाहावेत: अंगणात रात्रभर जळणारा छोटा सौरदिवा, गोठ्याला आतून अडसर, मोटारसायकलला साखळी, आणि घराभोवती वाढलेले रान काढणे. शेतात शिरणाऱ्या जनावरांसाठी झटका यंत्राचे सौर कुंपण वापरता येते. वनालगतच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून त्यासाठी अनुदान आहे. विजेच्या तारेवर आकडा टाकून थेट प्रवाह सोडलेले कुंपण मात्र कोणत्याही सबबीवर लावू नये. तो गुन्हा आहे, आणि अशा तारांना चिकटून राज्यात दर वर्षी माणसे आणि जनावरे मरतात.

निर्णय घेण्याची जागाही इथे हाताशी आहे. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि त्याखालील राज्याच्या २०१४ च्या नियमांनी इथल्या ग्रामसभांना गावच्या कारभारात मोठे अधिकार दिले आहेत. पाड्याची स्वतंत्र ग्रामसभाही होऊ शकते, आणि अबंध निधीतून कामे सुचवण्याचा अधिकार तिला आहे. दिवाळीनंतर कुटुंबे कामाला निघण्याआधीची ग्रामसभा हा त्यासाठी नेमका मुहूर्त. कोणती घरे बंद राहणार, कोणत्या घरात म्हातारे माणूस एकटे असणार, याची यादी तेव्हा करता येते. प्रत्येक बंद घराची घंटा कोणाच्या घरी वाजेल, ती वाजल्यावर कोणते दोघे बॅटरी घेऊन, पायात बूट घालून बघायला जातील, अनोळखी माणूस भेटला तर त्याला नाव-गाव विचारून पोलीस पाटलांच्या घरी कोण नेईल, आणि तोवर त्याच्या अंगाला कोणी हात लावणार नाही, हे सर्वांसमोर ठरवता येते. यादीतल्या नावांसमोर फोन क्रमांक लिहावेत. जिथे रेंज नाही तिथे कोणी कोणाच्या दारात जाऊन सांगायचे, तेही लिहावे. एवढे ठरल्यावर दोन-तीन संच आणून एक पावसाळा आणि एक हिवाळा वापरून पाहावेत, किती वेळा वाजले आणि त्यांत खरे किती होते याची वहीत नोंद ठेवावी, आणि पुढच्या दिवाळीच्या ग्रामसभेत ती वही वाचून बाकीचे संच घ्यायचे की नाही ते ठरवावे.